तीन कोनांची बेरीज

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की तिवसा येण्याआधी गुरुकुंज मोझरी लागतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मी इथलाच रहिवासी. आयुष्य गणित शिकवण्यात गेलं आणि आता गावातल्या मुलांना संगणकावर हिशेब करायला शिकवतो. आज मी तुम्हाला आमच्या परिसराची एक वेगळी ओळख करून देणार आहे. भारताचा नकाशा काढून ७८ अंश पूर्व रेखांश शोधा. कन्याकुमारीच्या बाजूने वर सरकत ही रेषा वऱ्हाडात येते आणि आमच्या गावाच्या अगदी जवळून उत्तरेला जाते. दोनशे वर्षांपूर्वी याच रेषेच्या आजूबाजूने त्रिकोणांची एक लांबच लांब साखळी या देशावर अंथरली गेली. जमिनीवर तिची एकही रेघ ओढलेली नव्हती. ती होती कागदावर, आणि तिचा प्रत्येक दुवा कोन मोजून जोडलेला होता.

ही साखळी सुरू केली विल्यम लॅम्बटन या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने. १८०२ सालच्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीने मोजली. तिला पायारेषा म्हणतात. तेवढं अंतर मोजायलाच काही आठवडे गेले. आता तुम्ही म्हणाल, साडेसात मैलांना एवढा वेळ, तर कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत किती लागेल? गंमत इथेच आहे. पुढची अंतरं मोजायचीच नव्हती. मोजायचे होते ते कोन.

समजा, दोन टेकड्यांमधलं अंतर १० किलोमीटर आहे आणि ते आपण जमिनीवर नीट मोजलं आहे. दूर एक तिसरी टेकडी दिसते. पहिल्या टेकडीवर उभं राहून दुसरी आणि तिसरी यांच्यातला कोन घेतला, तो ६२ अंश भरला. दुसरीवरून तसाच कोन घेतला, तो ७१ अंश भरला. आता तिसऱ्या टेकडीपर्यंत साखळी ओढत नेण्याचं कारण उरलं नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, म्हणून तिसरा कोन ४७ अंश. त्रिकोणात प्रत्येक बाजू आपल्यासमोरच्या कोनाच्या ‘साइन’च्या प्रमाणात असते. त्या हिशेबाने पहिल्या टेकडीपासून तिसरी १२.९३ किलोमीटरवर आणि दुसरीपासून १२.०७ किलोमीटरवर येते. या नव्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर त्याच्या पुढचा. मध्ये नदी आली, जंगल आलं, तरी साखळी थांबत नाही.

आता एक बारकावा नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे. दोन कोन कळले की तिसरा वजाबाकीने निघतो, हे सातवीतल्या मुलालाही माहीत असतं. तरी लॅम्बटनची माणसं शक्य तिथे तिसऱ्या टेकडीवरही चढत आणि तो तिसरा कोनही मोजत. कशासाठी? कारण वजाबाकीने काढलेला कोन तुमच्या चुकीबद्दल काहीच बोलत नाही. पहिल्या कोनात चूक झाली असेल, तर ती गुपचूप तिसऱ्या कोनात शिरते आणि बेरीज १८० ची १८०च राहते. तिसरा कोन मोजला, की तीन स्वतंत्र साक्षीदार मिळतात. त्यांची बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी गडबड आहे हे त्याच दिवशी समजतं.

खरं तर ही बेरीज अगदी १८० भरायचीसुद्धा नसते. पृथ्वी गोल आहे, म्हणून तिच्या पाठीवरच्या मोठ्या त्रिकोणाचे कोन १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरतात. साधारण १९७ चौरस किलोमीटरमागे एक सेकंद, असा त्याचा हिशेब आहे. हा सेकंद घड्याळातला नाही. अंशाचा ३,६०० वा भाग. पन्नास-पन्नास किलोमीटर बाजूंच्या त्रिकोणात ही वाढ साडेपाच सेकंदांच्या आसपास जाते. एवढासा फरक हिशेबात धरणारी ही माणसं होती. त्यासाठी लॅम्बटनकडे विलायतेहून मागवलेला थिओडोलाइट होता. त्याचं वजन सुमारे अर्धा टन आणि त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास तीन फूट. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि हे यंत्र भिंतीवर आदळून वाकलं. लॅम्बटन तंबूत बसून राहिला आणि सुमारे सहा आठवडे खपून त्याने ते स्वतः पुन्हा गोलाकारात आणलं.

पुढे १८१८ साली या कामाला ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ असं नाव मिळालं. साखळी हैदराबादच्या मुलखातून वर सरकत वऱ्हाडात आली. तेव्हा वर्धा नदीच्या पश्चिमेचा आमचा भाग निजामाकडे होता आणि पलीकडचा नागपूरकर भोसल्यांकडे. त्या वेळच्या एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या बाजूला टाकळखेडा नावाचं एक ठाणं या सर्वेक्षणाच्या कागदांत महत्त्वाचं आहे. त्याचं अक्षांश २१ अंश ६ मिनिटांच्या जवळपास, म्हणजे आमच्या मोझरीच्या जवळजवळ बरोबरीचं. कन्याकुमारीपासून निघालेलं लॅम्बटनचं मोजमाप तिथवर पोचलं. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे जाताना वाटेत हिंगणघाटला तो वारला. तेव्हा तो सत्तरीच्या घरात होता. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे.

त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याने ते काम उचललं. आजारी शरीराने तो वऱ्हाडातून सातपुडा ओलांडत सिरोंजपर्यंत गेला. पुढे १८४१ पर्यंत ही साखळी मसुरीच्या डोंगरांना भिडली. सारी लांबी सुमारे २,४०० किलोमीटर. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असते, दूरचं नीट दिसतं, म्हणून रानावनातलं काम त्याच दिवसांत चाले. आणि हिवतापाचे दिवसही तेच. टेकड्यांवर निशाणं रोवणारे, यंत्र खांद्यावरून वर चढवणारे खलाशी किती आजारी पडले असतील, कल्पना करा. एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. त्या खलाशांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही.

पण कोन मोजून काम संपत नव्हतं. मोजलेल्या कोनाचा साइन काढायचा, गुणाकार-भागाकार करायचे, आणि तेही सात-आठ आकड्यांपर्यंत. हा साइन यायचा कुठून? तर छापील कोष्टकातून. आणि या कोष्टकांचा उगम शोधत मागे गेलं, की आपण आपल्याच अंगणात येऊन पोचतो.

इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने आपल्या ग्रंथात २४ आकडे दिले. पहिला २२५, मग २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ असे ते उतरत जातात आणि शेवटचा ७ आहे. हे आकडे ‘ज्यां’मधले फरक आहेत. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाच्या कंसाला धनुष्य मानलं, की त्याची अर्धी दोरी म्हणजे आजचा साइन. आर्यभटाने ३ अंश ४५ मिनिटांची पायरी धरली, म्हणजे आठव्या पायरीला ३० अंश होतात. वर दिलेले आठ आकडे कागद घेऊन मिळवून बघा. बेरीज १,७१९ येते. सगळ्या २४ आकड्यांची बेरीज ३,४३८ येते, म्हणजे ९० अंशांची ज्या. १,७१९ ही ३,४३८ ची बरोबर निम्मी. ३० अंशांचा साइन अर्धा असतो, हे आपण शाळेत पाठ केलेलं वाक्य त्या बेरजेतून आपोआप उभं राहतं.

हा ३,४३८ आकडा लक्षात ठेवा; थोड्या वेळाने तो पुन्हा लागणार आहे. वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कला म्हणजे मिनिटं २१,६०० होतात. परीघ २१,६०० मानला, तर त्याच मापात त्रिज्या जवळजवळ ३,४३८ भरते. म्हणजे कंस आणि त्रिज्या या दोघांना एकाच फुटपट्टीने मोजण्याची ही युक्ती आहे.

पुढे ११५० साली भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या ज्योत्पत्ती या भागात दोन कोनांच्या ज्या माहीत असतील तर त्या कोनांच्या बेरजेची ज्या कशी काढायची, याची रीत आहे. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे या गावी यादवकाळातला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ स्थापला, असं तो सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. मंदिरासाठी आणि तळ्यासाठी दिलेल्या दानांचे लेख आपल्याकडे पुष्कळ आहेत. गणिताचे ग्रंथ शिकवण्यासाठी दिलेल्या दानाचा हा लेख, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

ज्या शब्दाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. ज्येला ‘जीवा’ असंही म्हणतात. अरबांनी तो शब्द ‘जीबा’ असा घेतला. त्यांच्या लिपीत स्वर गाळून तो लिहिला गेला आणि पुढच्या वाचकांनी तो ‘जैब’ असा वाचला. जैब म्हणजे कपड्याची घडी किंवा छातीजवळची खोळ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द वापरला आणि त्याचा साइन झाला. हिंदीतला ‘जेब’, म्हणजे खिसा, त्याच अरबी घराण्यातला. तेव्हा धनुष्याची दोरी खिशात जाऊन पडली आणि साइन होऊन परत आली, असं म्हणायला हरकत नाही.

सर्वेक्षणाच्या काळात या कोष्टकांना लॉगॅरिथमची जोड मिळाली होती. गुणाकाराच्या जागी बेरीज आणि भागाकाराच्या जागी वजाबाकी. तरी त्रिकोणांची संख्या एवढी, की त्यासाठी हिशेब करणारी खास माणसं नेमावी लागली. त्यांच्या पदाला इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ म्हणत. १८३१ साली राधानाथ सिकदार हा बंगाली तरुण महिना ३० रुपयांवर या कामावर लागला आणि पुढे मुख्य कॉम्प्युटर झाला. हिमालयातल्या पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची ज्या आकडेमोडीतून निघाली, तिच्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. १८५६ मध्ये ही उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली आणि त्या शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. कॉम्प्युटर हे पूर्वी माणसाचं नाव होतं, हे मी मुलांना सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

त्या माणसाच्या जागी आज संगणकावरचा तक्ता आहे. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आलं, १९८३ मध्ये लोटस १-२-३, आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल. एका चौकटीत सूत्र लिहा, खाली ओढा, हजार त्रिकोणांचा हिशेब डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तयार. सिकदारांनी हे पाहिलं असतं तर ते हरखले असते. पण मला वाटतं, पहिल्या पाच मिनिटांनंतर त्यांनी विचारलं असतं, की याची पडताळणी कुठे आहे?

कारण हा तक्ता आज्ञाधारक आहे, शहाणा नाही. त्याला ३० चा साइन विचारा. आपण अर्ध्याची वाट पाहत असतो आणि तो उत्तर देतो उणे ०.९८८. आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलंच, “सर, उत्तर उणं काहून येऊन राह्यलं?” तक्ता बिघडलेला नसतो. त्याने ३० हे अंश न मानता रेडियन मानलेले असतात. रेडियन म्हणजे त्रिज्येएवढ्या लांबीच्या कंसाने केंद्राशी केलेला कोन. तो ५७.३ अंशांचा असतो. त्याची मिनिटं करा. किती होतात? ३,४३८! आर्यभटाच्या बेरजेत आलेला तोच आकडा. परका वाटणारा रेडियन आपल्या जुन्या ज्यांच्या कोष्टकात दीड हजार वर्षांपासून बसलेला आहे. म्हणून तक्त्यात कोन भरताना आधी ‘रेडियन्स’ हे सूत्र लावून अंशांचे रेडियन करायचे आणि उत्तरात कोन आला, तर ‘डिग्रीज’ लावून तो परत अंशांत आणायचा.

दुसरा सापळा उलट्या सूत्रांचा. साइनवरून कोन काढणारं ‘एसाइन’ कधीही ९० अंशांच्या वर जात नाही. कोन ११० अंशांचा असला, तरी ते ७० सांगेल, कारण दोघांचा साइन एकच आहे. त्रिकोणाच्या बाजूंवरून कोन काढायचा तर कोसाइनचं सूत्र आणि ‘एकॉस’ वापरावं. ते विशालकोन ओळखतं. दिशा काढतानाही तसंच. पश्चिमेला ३०० मीटर आणि उत्तरेला ४०० मीटर गेलो, तर पूर्वेकडून धरलेला खरा कोन १२६.८७ अंश. पण नुसता भागाकार करून ‘एटॅन’ला दिला, तर तो उणे ५३.१३ सांगतो, म्हणजे नेमकी उलटी दिशा. त्यासाठी ‘एटॅन-टू’ आहे, ज्यात पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण हे दोन्ही आकडे वेगवेगळे भरायचे असतात. एक्सेलमध्ये पूर्व-पश्चिमेचा आधी लिहायचा. बऱ्याच संगणकभाषांमध्ये हा क्रम उलटा असतो, हेही ध्यानात ठेवावं.

पण खरा सापळा याहून खोल आहे आणि तो आपल्या वावराच्या धुऱ्यापर्यंत येतो. एका तिकोनी वावराच्या बाजू १००, १२० आणि १४० मीटर आहेत असं समजा. तक्ता तीन कोन देतो: ७८.४६, ५७.१२ आणि ४४.४२. बेरीज १८०, दशांशातला शेवटचा अंक सोडला तर अगदी चोख. क्षेत्रफळ ५,८७९ चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत जवळजवळ ५८.८ आर. सगळं कसं जुळलेलं. आता समजा, फीत ओढताना घोटाळा झाला आणि १४० च्या जागी १३० लिहिलं गेलं. तक्ता नवे कोन देईल आणि त्यांचीही बेरीज १८०च भरेल! तो तक्रार करणार नाही. कारण तिन्ही कोन त्याने त्याच तीन बाजूंवरून काढलेले आहेत. हे तीन साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराचं बोलणं तीनदा ऐकलेलं आहे.

लॅम्बटनच्या बेरजेत आणि या बेरजेत हाच फरक आहे. त्याची बेरीज मोजलेल्या कोनांची होती, म्हणून ती जुळली तर त्याला अर्थ होता. आपली बेरीज काढलेल्या कोनांची आहे. ती सूत्रातली चूक दाखवील, मापातली दाखवणार नाही.

आपल्या जुन्या मोजणीदारांना हे बरोबर ठाऊक होतं. मुंबई इलाख्याच्या पद्धतीत शेताला ३३ फुटांची शंकू साखळी लावत. तिचे आणे सोळा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. ते कोन मोजायच्या भानगडीत पडत नसत. शेतातून एक मुख्य रेषा टाकायची, तिच्यावर काटकोनात धुऱ्यापर्यंतची अंतरं घ्यायची. साखळीच्या मोजणीत आणखी एक रिवाज असतो: ज्या रेषेची नकाशा काढायला गरज नाही, अशी एक जादा रेषा जमिनीवर मोजून ठेवायची. नकाशा झाला की कागदावर तीच रेषा मोजायची. दोन्ही जुळल्या तर नकाशा खरा. ती जादा रेषा म्हणजे लॅम्बटनचा तिसरा कोन.

मी हे इतकं लांबवून सांगतो आहे, कारण आमच्याकडे दोन भावांची वाटणी एका धुऱ्यावरून मोडते आणि पुढे वर्षानुवर्षं तारखा चालतात. शिकलेला मुलगा लॅपटॉप उघडतो, दशांशानंतर सहा आकडे दाखवतो, आणि त्या सहा आकड्यांपुढे म्हातारा काका गप्प बसतो. आकडे खोटे नसतात. पण ज्या फितीच्या मापावर ते उभे आहेत, ते फुटाने चुकलेलं असेल, तर सहा आकडे त्या चुकीला फक्त नीटनेटके कपडे घालतात. आणि त्या कपड्यांमुळेच तिच्यावर कुणी संशय घेत नाही.

म्हणून माझी तुम्हाला एक साधी विनंती आहे. तक्त्यात वावराचा, विहिरीचा, घराच्या छपराचा कोणताही कोन काढा, पण एक ओळ जादा ठेवा. त्या ओळीत सूत्राने काढलेलं नव्हे, तर जागेवर जाऊन मोजलेलं एक माप लिहा. तिकोनी वावर असेल, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत फीत लावा. वर सांगितलेल्या वावरात १४० मीटरच्या बाजूवर हे अंतर ८५.४ मीटर भरलं पाहिजे. बाजू चुकून १३० लिहिली गेली असेल, तर तक्ता हेच अंतर ८९.३ सांगेल आणि जमीन ८५.४ सांगेल. जवळजवळ चार मीटरची तफावत लपून राहत नाही. शेजारच्या चौकटीत दोघांची वजाबाकी करा. ती नगण्य आली, तरच काकांना आणि भावाला तक्ता दाखवायला न्या. नाही आली, तर फीत उचला आणि वावरात परत जा.